दुसरा दगड बोडका राहिना

झिंडेलफिंगेनच्या बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरबांधणीच्या नि बागेच्या सामानाच्या दुकानात, वल्लरीनं दोन दगड ढकलगाडीत घालून काउंटरपर्यंत आणले, तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, तळ्यासाठी हवेत की गुलाबाच्या वाफ्यासाठी? वल्लरी म्हणाली, "डॉक्टरेटसाठी." बाईंनी गंभीरपणे मान हलवली आणि पुढे काही विचारलंच नाही. जर्मनीत 'डॉक्टर' म्हटलं की समोरच्याचे प्रश्न संपतात, हे तिला तीन वर्षांत पक्कं कळलं होतं.

दगड म्हणजे साधे बसाल्टचे, आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाचे युरोपातले चुलतभाऊ. गुडघ्याएवढे उंच, आणि एक झाकावा नि दुसरा काढावा इतके सारखे. एकाचं नाव तिनं ठेवलं 'अ', दुसऱ्याचं 'ब'. 'अ'ला गेरू लावायचा, 'ब'ला लावायचा नाही. एवढाच प्रयोग. पण वल्लरीच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्याच प्रयोगावर उभं राहणार होतं, आणि त्या प्रकरणासाठीच तर ती शिरूरहून उठून ट्युबिंगनच्या इन्स्टिट्यूटमध्ये आली होती. आधीची चार प्रकरणं म्हणजे पंगतीतली कोशिंबीर. पुरणपोळी हीच.

झालं होतं असं की घोड नदीच्या काठी पांढरीचं एक टेकाड आहे. जुन्या वस्तीच्या जागी जी राखेसारखी भुसभुशीत माती साठते ना, तिला आपल्याकडे पांढर म्हणतात. त्या टेकाडात तीन हजार वर्षांपूर्वीचं एक घर निघालं, आणि घराच्या कोपऱ्यात उभा रोवलेला एक दगड निघाला, आणि त्या दगडावर लाल डाग. वल्लरी तेव्हा एम.ए.ला होती, खड्ड्यात उकिडवी बसून ब्रशनं माती झाडत होती, आणि ब्रशखालून तो लाल रंग वर आला तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा देव आहे, असं तिला वाटलं. वाटलं कसलं, खात्रीच पटली.

आता यात एवढं काय? तर बघा, आपला देवधर्म किती जुना असं कुणी विचारलं की आपण वेदांकडे बोट दाखवतो. पण वेदांतली माणसं यज्ञ करत होती, अग्नीत आहुती टाकत होती. दगड उभा करायचा, त्याला तेल लावायचं, लाल काहीतरी माखायचं, हात जोडायचे, ही आपली रोजची पूजा त्या यज्ञात कुठे सापडत नाही. मग ती आली कुठून? बरेच अभ्यासक म्हणतात, वेगळ्याच, कदाचित त्याहून जुन्या माणसांकडून. तिकडे सोन नदीच्या खोऱ्यात बाघोरला दगडांच्या चौथऱ्यावर एक त्रिकोणी दगड मिळालाय, दहा-अकरा हजार वर्षांपूर्वीचा मानतात, आणि त्या भागातले कोल आणि बैगा लोक तसलेच दगड आजही माय म्हणून पुजतात. आपल्या घोड नदीकाठच्याच इनामगावला मातीच्या डबीत जपून ठेवलेली, डोकं नसलेली बाईची मूर्ती निघाली आहे. म्हणजे धागे आहेत, पण सुटे सुटे. त्यातला मधला एक धागा आपण ओवणार, असं वल्लरीनं ठरवून टाकलं होतं.

आणि आडव्या आल्या होत्या प्रोफेसर ओस्टरमान. तिच्या गाईड. साठीच्या, उंच, केस कापलेले, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्य आधी पुसून मग टेबलावर ठेवल्यासारखं.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या होत्या, "लाल फक्त तुमच्या उभ्या दगडावर नाही. त्या घरातल्या पाट्यांवर आहे, वरवंट्यावर आहे, चुलीच्या दगडावर आहे. सगळ्या घरभर लाल आहे. मला तर हे गेरू कुटायचं घर दिसतं. कुटलेला गेरू पाण्याबरोबर मातीतून वाहिला आणि तुमच्या देवाच्या अंगावर जाऊन बसला."

"उलटंही असेल ना. देवाला लावला आणि तिथून वाहून पाट्यांवर गेला."

"असेल. कसं ठरवणार?"

म्हणून हे दोन दगड. शेजारी शेजारी उभे करायचे, एकाला उन्हाळाभर गेरू लावायचा, दुसरा तसाच ठेवायचा. पाऊस-पाणी दोघांना सारखं. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं की माणसानं लावलेला लाल आणि पाण्यानं वाहून आलेला लाल वेगळे दिसतात का. दिसले, तर टेकाडातल्या दगडावरचा लाल कुठला ते सांगता येईल, आणि प्रकरण राहील. नाही दिसले, तर प्रकरण गेलं.

गेरू लावायला हात हवे होते, तेही सवयीचे, रोज देवाला कुंकू लावणारे. ते झिंडेलफिंगेनच्या मराठी मंडळात हवे तेवढे होते. तिथे मीनलताई होती, सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड, आणि तिचा नवरा उत्कर्ष, गाड्यांच्या कारखान्यात रंग तपासायच्या विभागात इंजिनियर. त्यांचा गावाबाहेर श्रेबरगार्टन होता, म्हणजे भाड्यानं मिळतो तसला बागेचा तुकडा, कुंपणाची उंचीसुद्धा नियमानं ठरलेली. नियमांच्या पुस्तकात दगड उभे करायला बंदी नाही, हे उत्कर्षनं आधी वाचून घेतलं.

पहिल्या शनिवारी वल्लरीनं सगळ्यांना गोळा करून समजावलं. जवसाच्या तेलात कालवलेला गेरू वाटीत आहे. घरच्या देवाला लावता तसा बोटानं 'अ'ला लावायचा. 'ब'ला हात लावायचा नाही. हे तिनं मराठीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, आणि मंडळातली पोरं मराठी ऐकून उत्तरं जर्मनमध्ये देतात म्हणून जर्मनमध्येही सांगितलं.

"याचं नाव काय म्हणालीस?" स्नेहलताकाकूंनी विचारलं. काकू म्हणजे उत्कर्षची आई, पुण्याहून उन्हाळ्यापुरत्या आलेल्या.

"अ."

"देवाचं नाव अ?"

"काकू, देव नाही हो. प्रयोग आहे."

"मग नमस्कार करायचा की नाही?"

"करा ना. पण याला."

"आणि याला नाही."

"याला नाही. हा कंट्रोल आहे, काकू. याला काहीच करायचं नाही."

"बिचारा," काकू म्हणाल्या.

"आईला सांगतोयस तू की मी सांगू?" मीनलनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. उत्कर्ष पुढे आला. "आई, आमच्याकडे पत्र्यांवर खारं पाणी मारून गंज बघतात. त्यात एक पत्रा तसाच ठेवलेला असतो. त्याला कुणी बोट जरी लावलं ना, तर मीच त्याला मीटिंगमध्ये उभा सोलतो. तू निश्चिंत राहा, वल्लरी. कंट्रोल म्हणजे काय ते मला सांगायला नको."

वल्लरी निश्चिंत राहिली. शनिवारी जमेल तेव्हा स्वतः जायची, नाही जमलं तर मंडळी आपापली येऊन गेरू लावून जायची. एप्रिल गेला, मे गेला, स्ट्रॉबेऱ्या आल्या नि संपल्या, दोनदा धो धो पाऊस पडला, एकदा गाराही पडल्या. जुलैत उत्कर्षच्या गाडीत मागे दोन्ही दगडांना सीटबेल्ट लावून तिनं ते ट्युबिंगनला आणले.

आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर 'अ'वर लाल आणि 'ब'वरही लाल. तसाच. तेच लांबट ठिपके, एका टोकाला दाट, दुसऱ्या टोकाला विरळ. तिनं लेन्स पुसली. परत बघितलं. मग ओस्टरमानबाईंना बोलावलं, कारण लपवून काय होणार होतं.

बाईंनी दोन्ही दगड शांतपणे, बराच वेळ बघितले. मग तिच्यासाठी पेपरमिंटचा चहा केला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"पाण्यानं आलेला लाल आणि लावलेला लाल सारखाच दिसतो," त्या म्हणाल्या. "तुमचा प्रयोग चांगला होता. फक्त तो तुमच्या विरुद्ध बोलला. पुढच्या आठवड्यात कोलोक्वियम आहे, तिथे सगळ्यांसमोर हे मांडा आणि प्रकरण काढून टाका. चार प्रकरणांवर पदवी मिळते."

"चार प्रकरणांवर मिळते," वल्लरी म्हणाली, "पण मला पाचवं हवंय."

"मग मला पटेल असं काहीतरी आणा."

शनिवारी ती झिंडेलफिंगेनला निघाली ती खरं तर सगळ्यांना सांगायला की बाबांनो, संपलं. हेरेनबर्गला गाडी बदलेपर्यंत ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. आणि पुढच्या गाडीत बसल्या बसल्या तिला एकदम काहीतरी खटकलं. 'ब'वरचे ठिपके होते कुठे? वर. दगडाच्या कपाळावर म्हणावं असे. 'अ'वरचा गेरू वाहून 'ब'कडे जाणार तर खालून जाणार, मातीतून. पाणी दुसऱ्या दगडाच्या कपाळावर कसं चढेल? ती सीटवर ताठ बसली. हे पाणी नव्हतं. हा कुणाचा तरी हात होता, आणि तो कुणाचा हे आता ती शोधून काढणार होती.

बागेत उत्कर्ष ग्रिलवर कणसं भाजत होता, मीनल काकडीची कोशिंबीर कालवत होती, काकू झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. वल्लरीनं पिशवीही खाली ठेवली नाही.

"'ब'ला गेरू कुणी लावला?"

ग्रिलवर एक दाणा फुटला.

"मी रागवत नाहीये. मला फक्त कळायला हवं. माझं प्रकरण चाललंय यात."

"मी एकदाच," काकू म्हणाल्या.

"आई," उत्कर्ष म्हणाला.

"अरे, अक्षय्य तृतीया होती. सणाच्या दिवशी एकाला लावायचं आणि शेजारच्याला बोडकं ठेवायचं? माझं बोट पुढे जाईना."

"मग मीही एकदा लावलं," मीनलनं सांगून टाकलं. "आईंनी लावलेलं दिसलं, म्हटलं आता लागलंच आहे तर काय फरक पडतो. सॉरी गं."

"मीनल, तू टीम लीड आहेस," उत्कर्ष म्हणाला. "टेस्टिंगमध्ये काम करतेस. तुला कळायला नको? माझ्या विभागात असतीस ना—"

"तू नाही लावलंस?"

"मी? मी कशाला लावू?"

"कॅमेरा काढ मग," मीनल म्हणाली.

कोल्हा येतो का ते बघायला उत्कर्षनंच सफरचंदाच्या झाडाला कॅमेरा बांधला होता, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा. उत्कर्षला एकाएकी कणसं उलटायची फार घाई झाली. शेवटी मीनलनं स्टूल घेतलं, कार्ड काढलं आणि लॅपटॉपला लावलं.

कोल्हा होता, त्याचे बरेच फोटो होते. मग काकू, गुडघे धरून वाकलेल्या. मग मीनल. मग मंडळातली इतर माणसं, आयटीतली, गाड्यांतली, बँकेतली, एकामागून एक, 'अ'ला लावायचं आणि परतताना बोटावर राहिलेलं 'ब'ला लावायचं, जसं काही ते बोट तिथे पुसण्यासाठीच होतं. आणि मग उत्कर्ष. डाव्या हातात नव्या गाडीची किल्ली. एका फोटोत 'अ'ला लावतोय, पुढच्यात 'ब'ला, त्याच्या पुढच्यात किल्लीला.

"उभा सोलतो म्हणाला होतास," मीनल म्हणाली.

"नवीन गाडी होती," उत्कर्ष म्हणाला. "इलेक्ट्रिक आहे ती. जरा धाकधूक असतेच."

वल्लरीला खरं तर खूप रागवायचं होतं, पण हसू फुटायला लागलं होतं. आणि मीनलनं पुढचा फोटो उघडला.

त्यात वल्लरी होती. स्वतः. 'ब'समोर उकिडवी, मान तिरकी करून खांद्यात फोन धरलेला, डाव्या हातात वाटी, आणि उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट 'ब'च्या कपाळावर. तोंड अर्धं उघडं, पलीकडे आईशी काहीतरी बोलतेय. तिला आठवेना. म्हणजे फोन आठवला, आई मावसबहिणीच्या साखरपुड्याचं सांगत होती, ते आठवलं. पण हे बोट, हे तिथे कधी गेलं, हे काही केल्या आठवेना. नियम तिचा, प्रयोग तिचा, तीन भाषांत तिनंच बजावलेलं, आणि बोटही तिचंच.

आता मात्र कुणी हसलं नाही. काकूंनी नुसतं भाजलेलं कणीस तिच्यासमोर सरकवलं.

"अगं, साधं आहे," मीनल म्हणाली. "हळदीकुंकवाला बायका ओळीनं बसल्यात, तू करंडा घेऊन निघालीस, तर मधल्या एकीला टाळून पुढे जाशील का? नाही ना जमणार. मग इथे कसं जमेल?"

वल्लरी कणसाकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "दादा, किल्लीला कुठे लावलंस?"

"आता ते राहू दे ना."

"नाही, सांग. कुठे? बटणांवर?"

"वेडी आहेस का, बटणं खराब होतील. मागे. कडेला थोडंसं."

"आणि दसऱ्याला लॅपटॉपला कुठे लावतोस?"

"झाकणावर. की-बोर्डवर कोण लावेल?"

"घरी पाटा-वरवंटा पुजतात तेव्हा, काकू? पाट्याच्या मधोमध लावता?"

"मधोमध वाटायचं असतं. तिथे कसं लावीन? कडेला लावायचं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," वल्लरी म्हणाली आणि ताडकन उठली. खुर्ची मागे पडली. ती सांगायला लागली आणि तिच्याच जिभेला तिच्या डोक्यामागे पळता येईना. ओस्टरमानबाई म्हणतात पाट्यांवर लाल आहे म्हणजे तिथे गेरू कुटत होते. ठीक. पण कुटत असतील तर लाल कुठे असेल? मधल्या खोलगट भागात, जिथे वरवंटा घासला जातो तिथे, अगदी दगडात मुरलेला. आणि लावला असेल तर? कडेला. तीन वर्षं त्या पाट्यांचे फोटो माझ्या कॉम्प्युटरवर आहेत आणि मी ते नीट बघितलेच नाहीत, कारण मला देवच बघायचा होता, पाट्यांवरचा लाल मला घाण वाटत होता, देवाच्या पुराव्यात मिसळलेली घाण.

"कणीस तरी खाऊन जा," काकू म्हणाल्या. ती कणीस हातात घेऊनच स्टेशनकडे पळाली.

इन्स्टिट्यूटमध्ये रविवारी कुणी नव्हतं. तिनं टेकाडातल्या पाट्यांची त्रिमिती चित्रं उघडली, जी पडद्यावर हवी तशी फिरवता येतात. पहिला पाटा. मधला खोलगा स्वच्छ, गुळगुळीत, लालाचा कणही नाही. तिनं तो कडेवर उभा केला. तिथे होते. लांबट, बोटाच्या पेरापेक्षा लहान ठिपके, एका टोकाला दाट, दुसरीकडे विरळ. दुसरा पाटा, तेच. वरवंट्याला टोकाकडे. चुलीच्या दगडाला बाहेरच्या अंगानं, जाळ लागत नाही त्या बाजूला. वल्लरी खुर्चीत बसूनच गोल फिरली, मग उठून टेबलाभोवती एक चक्कर मारली, मग परत बसली.

पण वाहून आलेला लाल कसा दिसतो, हे अजून सांगता येत नव्हतं, कारण 'ब'ला तर सगळ्यांनी माखून ठेवलं होतं. ती उठून 'ब'पाशी गेली, त्याच्याभोवती फिरली, आणि पाठीमागे आल्यावर थांबली. देवाच्या पाठीला कुणी कुंकू लावत नाही. कॅमेऱ्यात एकाही माणसाचा हात 'ब'च्या मागे गेलेला नव्हता. म्हणजे कंट्रोल होता. अख्खा दगड नसेल, पण अर्धा शिल्लक होता. तिथे खाली, जमिनीलगत, भेगांमध्ये पुसट लाल रेघा, ठिपका एकही नाही. हे पाणी. पुढचं ते बोट. दोन्ही एकाच दगडावर, शेजारी शेजारी, आणि एकमेकांशी काडीचं साम्य नाही.

मग तिनं उभ्या दगडाचं चित्र उघडलं. तिच्या देवाचं. चारही बाजूंनी फिरवलं. लाल खाली होता, जमिनीलगत, भेगांमध्ये, पुसट रेघा. पुढे तसाच, मागे तसाच. ठिपका एकही नाही.

ती खूप वेळ ते चित्र फिरवत बसली. कुठून तरी एक ठिपका निघेल म्हणून मोठं करून बघितलं, लहान करून बघितलं. काटा आला होता त्या दिवशीचं ऊन आठवलं. मग तिनं ते चित्र बंद केलं, आणि प्रकरणाच्या फाइलमध्ये जिथे जिथे 'उपास्य पाषाण' लिहिलं होतं तिथे तिथे ते खोडत गेली.

मंगळवारी उत्कर्षचा फोन आला. "गणपतीच्या कार्यक्रमाचं पोस्टर करतोय. तुझं व्याख्यान ठेवलंय. मथळा ऐक. 'तीन हजार वर्षांपूर्वीचा देव अखेर सिद्ध.'"

"दादा, देव सिद्ध झाला नाही."

"नाही? मग काय झालं?"

"पाटा सिद्ध झाला."

"पाटा ऐकायला कोण येणार गं?"

"सांग त्यांना की देव नाही सापडला, पण पूजा सापडली. आणि ती जास्त अवघड होती."

"थांब, हे लिहून घेतो," तो म्हणाला.

कोलोक्वियममध्ये वल्लरीनं पहिलाच फोटो स्वतःचा दाखवला, फोन खांद्यात धरलेला, बोट 'ब'वर. "हा माझा प्रयोग," ती जर्मनमध्ये म्हणाली, "आणि ही तो बिघडवताना मी." सगळी खोली हसली, ओस्टरमानबाई सोडून. मग तिनं एकेक करून बाकीचं मांडलं. हात आपोआप कसा जातो, किल्लीला कुठे लावतात, पाट्याला कुठे लावतात, 'ब'ची पाठ, आणि मग टेकाडातल्या पाट्यांच्या कडा. अडखळली नाही. एरवी जर्मनमध्ये क्रियापद शेवटी येईपर्यंत तिचा श्वास संपायचा, पण आज क्रियापदंही वेळेवर येत होती.

"आणि तुमचा उभा दगड?" ओस्टरमानबाईंनी विचारलं.

"चारही बाजूंनी सारखा, खाली, भेगांत. त्याच्यावरचा लाल पाण्यानं आलेला आहे. तुमचं बरोबर होतं. मी तो प्रकरणातून काढला."

"तीन वर्षं तुम्ही माझ्याशी फक्त त्या दगडाबद्दल बोललात."

"हो," वल्लरी म्हणाली. "त्यामुळेच पाटे राहून गेले."

मागून एका सहकाऱ्यानं विचारलं की मग याला हिंदू म्हणायचं का. हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं.

"ज्यानं हे लावलं तो स्वतःला काय म्हणवत होता, ते मला कधीच कळणार नाही. त्याला हे नाव मी देत नाही. पण त्यानं आपल्या अवजाराला बोटानं लाल लावलं, कामाची जागा सोडून, कडेला. माझ्या आईच्या घरी दसऱ्याला आजही बोट तिथेच जातं. मधल्या तीन हजार वर्षांचा सलग पुरावा माझ्याकडे नाही, आणि आहे असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणते की वेदांत न सापडणाऱ्या या पूजेचं मूळ शोधायचं असेल, तर आता मी मूर्ती शोधणार नाही. मी पाट्यांच्या कडा बघेन. ज्या ज्या टेकाडातून पाटे निघालेत, त्या सगळ्यांच्या."

ओस्टरमानबाईंनी चष्मा काढला. "एक अडचण आहे. तुम्ही म्हणता हात आपोआप गेला, कारण ती तुमच्या लोकांची सवय. पण शेजारचा दगड उघडा ठेवणं कुणालाच जमत नसेल तर? कुठल्याही माणसाचा हात जात असेल तर? मग हे पुण्याचंही नाही आणि घोड नदीचंही नाही, नुसतं माणसाचं आहे."

"म्हणजे मला अशी माणसं हवीत ज्यांना ही सवय नाही."

"गेनाऊ. माझ्या बागेच्या संघात आहेत. स्वाबियन, म्हणजे इथल्याच मुलखातली. फार चांगली माणसं, सांगितलेलं करतात." चष्मा परत डोळ्यांवर गेला. "प्रकरण राहील. हा प्रयोग त्याला जोडा, जो निकाल येईल तो, आणि मग पाठवा."

तर ऑगस्टच्या एका दुपारी, ट्युबिंगनबाहेरच्या बागेत, बाउमार्क्टमधले आणखी दोन दगड उभे राहिले. यावेळी कॅमेरा वल्लरीनं स्वतः बांधला. संघातली मंडळी जमली, पांढरे केस, स्वच्छ बूट, एकानं तर प्रयोग आहे म्हणून टाय बांधला होता. नियम तिनं एकदाच सांगितला, एकाच भाषेत.

पहिल्या ओस्टरमानबाई. त्यांनी तर्जनी वाटीत बुडवली, 'अ'ला मलम चोळतात तशी चोळली, खिशातून रुमाल काढून बोट नखापर्यंत पुसलं, आणि बाजूला झाल्या. 'ब'कडे त्यांनी बघितलंही नाही. मग टायवाले आजोबा. मग त्यांची बायको, तिनं जरा जास्तच लावला आणि "श्योन", म्हणजे छान, म्हणाली. एकेक जण पुढे यायचा, लावायचा, पुसायचा, जायचा. 'ब' तिथेच, एका हाताच्या अंतरावर, कोरडा ठणठणीत.

वाटी फिरून वल्लरीच्या हातात आली. तळाशी गेरू उरला होता, बोटाला पुरेल एवढा. तिनं वाटी गवतात ठेवली, दोन पावलं मागे सरकली आणि दोन्ही हात जॅकेटच्या खिशात खोल घातले.

"सगळं ठीक?" ओस्टरमानबाईंनी विचारलं.

"ठीक," वल्लरी म्हणाली. "फक्त पुढच्या शनिवारी मी येणार नाही. तुम्हीच करा."